विकला की हलवला?

भिवंडीजवळच्या दापोड्यातल्या गोडाऊनच्या फाटकातून कंटेनर बाहेर पडायच्या आधी हिशेबनीस एकच गोष्ट पक्की करून घेतो. माल विकलाय की हलवलाय? गाडीचं भाडं, हमाली, वजन हे सगळं त्यानंतर. विकला असेल तर टॅक्स इन्व्हॉइस. त्याच कंपनीच्या, त्याच जीएसटी नोंदणीवरच्या नाशिकच्या गोडाऊनला चालला असेल तर डिलिव्हरी चलन, आणि कर शून्य. बंगळुरूच्या गोडाऊनला चालला असेल तर मात्र कायदा दोन राज्यांतल्या दोन नोंदण्या दोन वेगळ्या व्यक्ती मानतो आणि कर लावतो, पण तोच कर पलीकडे जमा मिळतो. तिन्ही वाटा लिहिलेल्या आहेत. त्यामुळे वळ, पूर्णा, काल्हेर, मानकोली या सगळ्या पट्ट्यात रोज हजारो गाड्या हलतात आणि कुणाची झोप उडत नाही.

क्रिप्टोच्या बाबतीत आपल्या आयकर कायद्याने हा पहिला प्रश्नच नीट हाताळलेला नाही. स्वतःचं बिटकॉइन भारतातल्या एक्स्चेंजवरून सिंगापूरच्या एक्स्चेंजवर, स्वतःच्याच नावाच्या खात्यात हलवलं, तर कर लागतो का? माझं उत्तर स्पष्ट आहे: लागत नाही, लागता कामा नये. पण हे उत्तर मला कायद्याच्या कलमांवरून ताडून काढावं लागतं. कायदा ते स्वतःच्या तोंडाने सांगत नाही, आणि माझी तक्रार याच मौनाबद्दल आहे.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. २०२२ च्या वित्त कायद्याने ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ (व्हीडीए) नावाचा नवा प्रकार आणला. कलम ११५बीबीएचनुसार तिच्या हस्तांतरणातून झालेल्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, वर ४ टक्के उपकर. खरेदी किंमत सोडून कसलीही वजावट नाही. तोटा दुसऱ्या कुठल्या उत्पन्नातून वळता करता येत नाही, पुढच्या वर्षी ओढता येत नाही. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातूनही वजा होत नाही. १ जुलै २०२२ पासून कलम १९४एसखाली प्रत्येक व्यवहाराच्या रकमेवर १ टक्का टीडीएस सुरू झाला. नफ्यावर नव्हे, पूर्ण रकमेवर. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला, तरी हा ३० टक्क्यांचा साचा तसाच पुढे आला आहे.

आकडे मांडून पाहा. समजा, दापोड्याच्या एखाद्या गाळ्यात नोकरी करणाऱ्या तरुणाने एक लाखाचं बिटकॉइन घेतलं आणि एक लाखाचं आणखी एखादं नाणं. बिटकॉइन दीड लाखावर गेलं, दुसरं नाणं पन्नास हजारावर आलं. दोन्ही विकली. गुंतवले दोन लाख, हातात आले दोन लाख. कमाई शून्य, आणि कर १५,६०० रुपये. शेअर बाजारात असं कुणी केलं असतं तर देशभर आरडाओरडा झाला असता. इथे तो पोरगा एकटा आहे, त्याच्यामागे कुणी उभं नाही.

आता हाच तरुण विकायच्या ऐवजी आपलं दीड लाखाचं बिटकॉइन परदेशी एक्स्चेंजवरच्या स्वतःच्या खात्यात पाठवतो. जुन्या कायद्याच्या कलम २(४७) मध्ये हस्तांतरणाची जी व्याख्या आहे तीत विक्री, अदलाबदल, हक्क सोडणं, हक्क संपणं असे प्रकार येतात. स्वतःचं स्वतःकडेच ठेवणं त्यात बसत नाही. म्हणून कर नाही. इथपर्यंत ठीक. पण बिटकॉइन पाठवायची फी जास्त म्हणून अनेक जण आधी ते डॉलरशी बांधलेल्या यूएसडीटी नाण्यात बदलून घेतात आणि मग पाठवतात. तिथे घात होतो. नाण्याच्या बदल्यात नाणं ही अदलाबदल झाली, म्हणजे हस्तांतरण झालं, म्हणजे पन्नास हजारांच्या नफ्यावर १५,६०० रुपये कर त्याच दिवशी उभा राहिला. रुपया एकही हातात आला नाही. पाठवण्याची जी फी नाण्यातच कापली जाते, ती नाण्याची विल्हेवाट धरायची की नाही, यावर कायदा गप्प. आणि ती फी खर्च म्हणून दाखवता येणार नाही हे मात्र ठणकावून सांगितलेलं. घेताना कायदा बोलका आणि देताना मुका, हे मला पटत नाही.

ई-वे बिल आणि आयकर रिटर्न शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की फरक उघडा पडतो. पन्नास हजारांवरचा माल राज्याबाहेर निघाला की ई-वे बिल काढावं लागतं. त्याच्या पहिल्या भागात कुठून निघाला आणि कुठे चालला याचे पिनकोड, मालाची किंमत, एचएसएन क्रमांक. दुसऱ्या भागात गाडीचा नंबर. आणि त्यात एक रकाना आहे: माल हलवण्याचं कारण. पुरवठा, निर्यात, जॉब वर्क, प्रदर्शन, विक्री परत, आणि त्याच यादीत ‘स्वतःच्या वापरासाठी’. म्हणजे सरकारला ठाऊक आहे की माल न विकताही हलतो, आणि ते सांगायला सरकारने जागा ठेवली आहे. आता रिटर्नमधलं शेड्यूल व्हीडीए उघडा. घेतल्याची तारीख, हस्तांतरणाची तारीख, उत्पन्न कुठल्या सदराखाली, खरेदी किंमत, मिळालेली रक्कम, उत्पन्न. संपलं. मी नुसतं हलवलं, हे सांगायला एकही चौकोन नाही. नाणं सिंगापूरला गेलं म्हणून शेड्यूल एफएमध्ये परदेशी मालमत्ता दाखवायला जावं, तर तिथेही क्रिप्टोसाठी स्वतंत्र तक्ता नाही. ‘इतर भांडवली मालमत्ता’ या खणात कोंबावं लागतं. त्यातून ते शेड्यूल जानेवारी ते डिसेंबर असं कॅलेंडर वर्ष मोजतं आणि बाकीचं रिटर्न एप्रिल ते मार्च. एकाच नाण्याची एकाच रिटर्नमध्ये दोन वर्षं. आणि परदेशी मालमत्ता दाखवायची राहिली तर काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून वीस लाखांपर्यंतच्या मालमत्तेला या दंडातून मोकळीक मिळाली आहे. ती योग्यच होती, उशिरा आली एवढंच.

हे सगळं अवघड आहे, नवीन आहे, जगालाच कोडं पडलंय, असं सांगून हात झटकणाऱ्यांना भिवंडीच्या जुन्या हिशेबनिसांकडे पाठवलं पाहिजे. जीएसटीच्या आधी केंद्रीय विक्रीकर होता, १९५६ च्या कायद्याचा. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल विकला की कर लागे. पण कंपनीने आपलाच माल आपल्याच दुसऱ्या राज्यातल्या डेपोला पाठवला तर ती विक्री नव्हती, आणि हे सिद्ध करायला एफ फॉर्म होता. माल ज्या शाखेला पोचला तिथून तो यायचा, एका कॅलेंडर महिन्याच्या पाठवणीसाठी एक. सोबत माल रवाना केल्याचे पुरावे. २००२ नंतर तर कायदाच कडक झाला: एफ फॉर्म नाही, तर विक्री धरणार. फॉर्म मिळेना म्हणून डोकं धरून बसलेले अकाउंटंट या पट्ट्यात पुष्कळ होते. त्या फॉर्मचा छळही कमी नव्हता. पण त्या कायद्याने एक गोष्ट मान्य केली होती. हलवणं म्हणजे विकणं नव्हे, आणि ते सिद्ध करायचा रस्ता सरकारनेच आखून द्यायचा असतो. पंखे आणि कापडाचे तागे यांच्यासाठी जे जमलं ते बिटकॉइनसाठी का जमत नाही? बिटकॉइनच्या तर प्रत्येक हालचालीची नोंद सगळ्या जगाला दिसते, कुणाला खोडता येत नाही. कुठल्या पत्त्यावरून, कुठल्या पत्त्यावर, किती, कधी. दोन्ही पत्ते एकाच माणसाचे आहेत एवढंच काय ते सिद्ध करायचं उरतं.

अमेरिकेच्या कर खात्याने २०१४ मध्येच क्रिप्टोला मालमत्ता ठरवलं आणि पुढे स्वतःच्या एका वॉलेटमधून दुसऱ्या वॉलेटमध्ये पाठवणं करपात्र नाही, हे आपल्या प्रश्नोत्तरांत साध्या भाषेत लिहून टाकलं. ब्रिटनच्या खात्याने तर पुढचाही प्रश्न सोडवला: हे नाणं नक्की कुठल्या देशात आहे? त्यांचं उत्तर असं की नाण्याचा मालक जिथला रहिवासी, तिथे नाणं. हे उत्तर सगळ्यांना मान्य आहे असं नाही. पण उत्तर आहे, आणि ते वाचून माणूस निर्णय घेऊ शकतो.

आता सीमेवरच्या कराने काय होतं, याबद्दल. हे शिकायला दापोड्याइतकं चांगलं गाव नाही, कारण हा गोडाऊनचा पट्टा वाढला तोच मुळी अशा एका करामुळे. मुंबईत माल आणला की जकात. वापर, उपभोग किंवा विक्रीसाठी हद्दीत आलेल्या मालावर, हद्द ओलांडल्याबद्दल. मुलुंड, दहिसर, ऐरोली, मानखुर्दच्या नाक्यांवर ट्रकांच्या रांगा. मग व्यापाऱ्याने साधा विचार केला. माल नाक्याच्या अलीकडे ठेवू, लागेल तेवढाच आत नेऊ. ठाण्याची खाडी ओलांडली की जमीन स्वस्त, हायवे जवळ, ग्रामपंचायतीची हद्द. भातशेतीवर पत्र्याच्या शेडी उभ्या राहिल्या. जकात हे एकमेव कारण नव्हतं, पण मोठं कारण होतं. १ जुलै २०१७ ला मुंबईची जकात गेली, नाके ओस पडले, गोडाऊन मात्र राहिली आणि वाढली. एकदा माल बाहेर बसायला शिकला की कर काढून घेतला तरी तो परत येत नाही.

क्रिप्टोवर १ टक्का टीडीएस लावला तेव्हा नेमकं हेच झालं. एक लाखाचं भांडवल घेऊन कुणी शंभर वेळा खरेदी-विक्री केली, नफा-तोटा काहीच झाला नाही असं धरलं, तरी दर विक्रीला एक टक्का कापला जाऊन त्याच्या हातात सुमारे ३६,६०० रुपये उरतात. बाकीचे सरकारकडे, रिटर्न भरून परतावा येईपर्यंत अडकलेले. परदेशी एक्स्चेंजवर हा टीडीएस कापला जात नव्हता. माणसं तिकडे गेली. ती सगळी करचुकवी नव्हती. पुष्कळांना फक्त आपलं भांडवल मोकळं हवं होतं. पण तिकडे गेल्यावर टीडीएसची नोंद संपली, म्हणजे ज्या मागोव्यासाठी हा टीडीएस आणला होता तो मागोवाच पुसला गेला. मागोवा ०.०१ टक्क्यानेही लागतो. एक टक्का कशासाठी?

आणि तरीही पैसा येतोच आहे. २०२४-२५ मध्ये या टीडीएसपोटी देशभरातून ५११.८३ कोटी रुपये जमा झाले, त्यातले २९३.४० कोटी एकट्या महाराष्ट्राच्या खात्यावर. म्हणजे निम्म्याहून जास्त. महाराष्ट्राच्या खासदारांनी हा विषय दिल्लीत लावून धरायला यापेक्षा मोठं कारण लागतं का?

सरकारची काळजी खोटी आहे असं मी अजिबात म्हणत नाही. डॉलर बाहेर न्यायचा तर उदारीकृत प्रेषण योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, बँक कारण विचारते, दहा लाखांवर कर आधीच गोळा करते. क्रिप्टो घ्यायचंय म्हटलं तर बँका नकारच देतात. नाणं मात्र भारतात रुपयांत घेऊन दहा मिनिटांत जगात कुठेही नेता येतं. हवालावाल्यांना हे कळायला वेळ लागला नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये झटपट कर्ज देणाऱ्या ॲपच्या तपासात ईडीने वझीरएक्स हे क्रिप्टो एक्स्चेंज चालवणाऱ्या कंपनीच्या बँक खात्यांतले ६४.६७ कोटी गोठवले. ती खाती पुढे मोकळी झाली, पण पैसा कुठल्या वाटेने जातो हे सगळ्यांना दिसलं. मार्च २०२३ मध्ये एक्स्चेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आली. त्याच वर्षी २८ डिसेंबरला बायनान्ससह नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा गेल्या, जानेवारीत त्यांची संकेतस्थळं भारतात बंद झाली, जून २०२४ मध्ये बायनान्सला १८.८२ कोटींचा दंड बसला. हे सगळं योग्य होतं. चोराच्या मागे लागावंच. पण चोर शोधायचा म्हणून प्रामाणिक माणसाला चार वर्षं अंधारात ठेवायचं, हे कुठल्या न्यायात बसतं?

खरी गाठ तर पुढेच आहे. नाण्याला देश नसतो. सीमा ओलांडतो तो माणूस, आणि आज महाराष्ट्रातलं घर अन् घर सीमा ओलांडतंय. ठाण्याचा मुलगा नोकरीसाठी दुबईला गेला, त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला, अनिवासी झाला. इथे असताना घेतलेलं बिटकॉइन त्याने तिकडे विकलं. तिकडे व्यक्तीच्या उत्पन्नावर कर नाही. भारत कर मागू शकतो का? मालमत्ता ‘भारतात असलेली’ धरली तर मागू शकतो. नाणं भारतातल्या एक्स्चेंजवर असेल तर आयकर खातं तसा दावा करील. पेटीत ठेवलेल्या हार्डवेअर वॉलेटमध्ये असेल तर? आणि ती पेटी आईच्या कपाटात असेल तर? फोस्टर्स बिअरच्या ब्रँडच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये निकाल दिला की, ट्रेडमार्कसारखी अमूर्त मालमत्ता कुठे आहे याबद्दल कायद्यात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर ती मालकाच्या ठिकाणी मानायची. हाच नियम क्रिप्टोला लावावा असं माझं ठाम मत आहे. पण ते संसदेने लिहावं. व्होडाफोनच्या कराच्या प्रकरणात काय झालं ते मुंबई विसरलेली नाही. सर्वोच्च न्यायालयात सरकार हरलं आणि त्याच वर्षी, २०१२ मध्ये, मागल्या तारखेपासून कायदा बदलला. ती दुरुस्ती मागे घ्यायला २०२१ उजाडलं. व्होडाफोनकडे वकिलांची फौज होती. दुबईतल्या पोराकडे एक सीए आहे, तोही व्हॉट्सॲपवर.

उलट्या दिशेने येणाऱ्यांचं दुखणं आणखी वाईट. टोरांटोत दहा वर्षं काढून पुण्याला परतणारं कुटुंब घ्या. कॅनडा सोडताना तिथला कायदा असं मानतो की त्या दिवशीच्या बाजारभावाने त्यांनी आपलं क्रिप्टो विकलं, आणि तेवढ्या नफ्यावर कर घेतो. इथे येऊन पक्के निवासी झाल्यावर त्यांनी ते खरोखर विकलं की आपण विचारणार मूळ खरेदी किंमत. कॅनडाने कर घेतलेल्या दिवसाचा भाव खरेदी किंमत म्हणून धरायची सोय आपल्या कायद्यात नाही. एकच वाढ, दोन देश, दोन कर, आणि मधे काही वर्षांचं अंतर, त्यामुळे तिथला कर इथल्या करातून वळता करून मागतानाही दमछाक. हे श्रीमंतांचं रडगाणं नाही. आईवडिलांना बघायला परत येणारी साधी पगारदार माणसं आहेत ही.

वेळही हातात फार नाही. क्रिप्टोची माहिती देशादेशांनी एकमेकांना द्यायची जी चौकट ओईसीडीने आखली तीत भारत आहे, ब्रिटनही आहे, आणि २०२७ पासून देवाणघेवाण सुरू व्हायची आहे. त्यासाठीच कायद्यात स्वतंत्र कलम आलं. १ एप्रिल २०२६ पासून एक्स्चेंजनी व्यवहारांची माहिती द्यायची. या चौकटीत खरेदी-विक्रीच नव्हे, तर नाणं बाहेरच्या वॉलेटमध्ये पाठवल्याचीही नोंद येते, त्या दिवसाच्या बाजारभावासह. मूळ खरेदी किंमत मात्र तीत नसते. म्हणजे आयकर खात्याच्या संगणकावर दिसणार: अमुक पॅन, अमुक लाख रुपये किमतीचं क्रिप्टो बाहेर गेलं. रिटर्नमध्ये त्याचा पत्ता नाही, कारण सांगायला चौकोनच नव्हता. मग नोटीस. एकाला नाही, हजारोंना.

म्हणून अर्थमंत्र्यांकडे मागणी एवढीच. कायद्यात एक ओळ घाला: एकाच मालकाच्या दोन वॉलेटमधली हालचाल, देशात असो वा देशाबाहेर, हस्तांतरण नव्हे. शेड्यूल व्हीडीएमध्ये एक तक्ता घाला, एफ फॉर्मसारखा: दोन्ही पत्ते, तारीख, व्यवहार क्रमांक, मूळ खरेदीची तारीख आणि किंमत. खोटं लिहिलं तर खुशाल दंड करा. आणि तोट्याची वजावट क्रिप्टोच्या नफ्यापुरती तरी द्या.

तो तक्ता येईपर्यंत ज्यांनी नाणी बाहेर हलवली आहेत त्यांनी तो स्वतःच वहीत आखावा. पहिल्या खरेदीची पावती, बँकेची नोंद, दोन्ही खाती आपल्याच नावाची असल्याचे स्क्रीनशॉट, प्रत्येक पाठवणीचा व्यवहार क्रमांक. परदेशी एक्स्चेंज बंद पडलं की जुना हिशेब परत मिळत नाही, तेव्हा स्टेटमेंट आजच उतरवून घ्या. आयटीआर-१ भरू नका, क्रिप्टोचं उत्पन्न त्यात बसत नाही. आयटीआर-२ किंवा ३ भरा. यूएसडीटीत बदलून पाठवलं असेल तर तो नफा दाखवा आणि त्यावरचा कर भरा, मग तो कितीही जाचक वाटो. मागच्या वर्षी दाखवायचा राहिला असेल तर सुधारित किंवा अद्ययावत रिटर्नची मुदत शिल्लक आहे का, हे याच आठवड्यात सीएला विचारा.